शब्द कळले, वाक्य कळेना

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांना एक इंग्रजी वाक्प्रचार हमखास पाठ असतो: 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. म्हणजे मुसळधार पाऊस पडतो आहे. शाळेच्या वहीत तो असतो, परीक्षेत त्यावर गुणही मिळालेले असतात. पुढे नोकरी लागते, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माणसांशी रोज बोलणे होते, आणि हा पाठ केलेला वाक्प्रचार त्यांच्या तोंडून जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. ते सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली छापलेल्या एका पुस्तकात कुत्र्या-मांजरांचा हा पाऊस आहे. आज तो जुनाट वाटतो. उलट 'टच बेस', 'बॉलपार्क फिगर', 'इन द लूप' असे जे शब्द कानांवर सतत पडतात, ते शाळेच्या वहीत नसतात.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातून ऐरोली, वागळे इस्टेट, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल इकडे रोज जाणाऱ्या हजारो तरुणांची ही अडचण आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचीही आहे, कारण राज्य लोकसेवा आयोगाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि उपयोग हा भाग असतोच. या अडचणीवरचा नेहमीचा उपाय म्हणजे पाचशे वाक्प्रचारांची यादी घ्यायची आणि घोकायची. यादीने परीक्षेपुरते काम भागते, पण अनोळखी वाक्प्रचार समोर आला की यादी संपते. म्हणून यादीऐवजी तो उलगडायचा कसा, ते पाहू. तीन प्रश्न विचारायचे: चित्र कुठले आहे? सांगाडा किती पक्का आहे? आणि कोण कोणाला म्हणते आहे?

आधी मराठीत पाहू

वाक्प्रचार म्हणजे काय हे मराठी माणसाला नव्याने शिकवावे लागत नाही. 'त्या कामाने माझ्या नाकी नऊ आले' हे वाक्य घ्या. नाक कळते, नऊ कळते, पण दोन्हींची बेरीज केली तरी 'मी अगदी बेजार झालो' हा अर्थ निघत नाही. अर्थ सगळ्या शब्दांचा मिळून एकच आहे. हा वाक्प्रचाराचा पहिला गुण.

दुसरा गुण म्हणजे त्यात फेरफार चालत नाही. काम फार जास्त होते म्हणून 'नाकी दहा आले' म्हणता येत नाही. लग्न झाले की दोनाचे चार हात होतात. 'दोनाचे पाच' म्हटले तर ऐकणारा हसेल किंवा गोंधळेल.

तिसरा गुण म्हणजे एकच शब्द सोबत्यानुसार अर्थ बदलतो. डोळा लागणे म्हणजे झोप येणे, डोळा असणे म्हणजे एखाद्या वस्तूचा लोभ धरणे, डोळा चुकवणे म्हणजे नजर टाळून जाणे, डोळा मारणे म्हणजे तर भलतेच. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे चार अर्थ सुटे सुटे शिकावे लागतात. आपण ते न शिकताच शिकलो, कारण लहानपणापासून वाक्यांत ऐकले. इंग्रजी वाक्प्रचारांचे तंत्र तंतोतंत हेच आहे. फरक इतकाच की तिथे परके आपण आहोत.

एकोणिसाव्या शतकात ही जागा उलटी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना मराठी वाक्प्रचार समजून घ्यायचे होते. म्हणून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, डोळा, हात, तोंड अशा शब्दांखाली नुसता अर्थ देऊन भागवलेले नाही. त्या शब्दापासून होणारे वाक्प्रचार ओळीने दिले आहेत. इंग्रजी वाक्प्रचार शोधतानाही हीच पद्धत कामी येते. ती पुढे पाहू.

पहिला प्रश्न: चित्र कुठले?

बहुतेक वाक्प्रचारांच्या मुळाशी एक खरीखुरी वस्तू किंवा कृती असते. ते चित्र डोळ्यांपुढे आले की अर्धा अर्थ हाती लागतो. ठाणे-कल्याणच्या वाचकाला सर्वांत जवळचे चित्र रेल्वेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. तिला चौदा डबे होते, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत गेले. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेत रेल्वे पसरत होती आणि तिच्यातून इंग्रजीत नवे वाक्प्रचार शिरत होते.

वाफेचे इंजिन आठवा. बॉयलरमध्ये वाफेचा दाब प्रमाणाबाहेर वाढला तर बॉयलर फुटेल, म्हणून जास्तीची वाफ झडपेतून सोडून देतात. 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे मनात साठलेला राग, ताण किंवा उत्साह कुठेतरी मोकळा करणे. दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेला माणूस संध्याकाळी मित्रांपुढे भडाभडा बोलतो, तो 'लेट ऑफ स्टीम' करत असतो. वाफ कमी पडली तर इंजिन मंदावते, म्हणून 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे जोर ओसरणे. एखादे आंदोलन, एखादी योजना, पाचव्या दिवसानंतरचा नव्या वर्षाचा संकल्प, सगळ्यांना हे लागू पडते.

आता रूळ. काम 'ऑन ट्रॅक' आहे म्हणजे ठरल्याप्रमाणे चालले आहे. माणूस 'ऑफ द रेल्स' गेला म्हणजे त्याचे वागणे ताळतंत्र सोडून गेले. कल्याणच्या यार्डात मालगाडी मुख्य मार्गावरून काढून बाजूच्या रुळावर उभी करतात, ते दृश्य आपल्या पाहण्यातले आहे. 'साइडट्रॅक' होणे म्हणजे मूळ विषय सोडून बाजूच्या विषयात अडकणे. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना पार्किंगचे भांडण निघते, तेव्हा सभा साइडट्रॅक झालेली असते. शेवटच्या स्थानकात रुळाच्या टोकाला गाडी थांबवणारे जाड अडसर असतात, त्यांना बफर म्हणतात. योजना एकाएकी ठप्प झाली की ब्रिटिश वृत्तपत्रे 'हिट द बफर्स' असे लिहितात.

'लाइट अ‍ॅट द एंड ऑफ द टनेल' तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. १९१६ साली खुला झालेला पारसिकचा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. त्यातून वर्षानुवर्षे जलद लोकलने गेलेल्या माणसाला अंधार आणि मग पुढे दिसणारा उजेड ठाऊक आहे. मात्र अर्थाची एक बाजू लक्षात ठेवायची: या वाक्प्रचारात अंधार अजून संपलेला नसतो. संकट टळले, असा त्याचा अर्थ नाही. संकट संपण्याची पहिली खूण दिसली, असा आहे. म्हणूनच इंग्रजीत त्यावर एक कडवट विनोदही प्रचलित आहे, की तो उजेड समोरून येणाऱ्या गाडीचा नसला म्हणजे मिळवली.

मराठीनेही रेल्वेपासून वाक्प्रचार घेतलेच. प्रस्तावाला 'हिरवा कंदील' मिळतो, संसाराची 'गाडी रुळावर' येते. आज गार्डाच्या हातातला तेलाचा कंदील गेला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावल्यानंतर हळूहळू वाफेची इंजिनेही गेली. शब्द मात्र राहिले. वस्तू जाते, वाक्प्रचार राहतो, म्हणून तर जुने चित्र मुद्दाम शोधावे लागते. आपण तरी 'मुसळधार' म्हणताना कुठे मुसळ पाहिलेले असते?

चित्र शोधताना दोन धोके असतात. पहिला धोका चुकीचे चित्र दिसण्याचा. 'ट्रेन ऑफ थॉट' म्हणजे विचारांची साखळी. यात ट्रेन आहे म्हणून तो रेल्वेतून आला असे कोणालाही वाटेल. पण थॉमस हॉब्जने १६५१ सालच्या 'लेव्हायथन' या ग्रंथात हा शब्दप्रयोग केलेला आहे, तेव्हा रेल्वे कुठे होती? 'ट्रेन'चा जुना अर्थ एकामागून एक येणारी रांग. रेल्वेगाडीलाही ते नाव त्याच अर्थामुळे मिळाले.

दुसरा धोका चित्र बरोबर असूनही परिसर वेगळा असण्याचा. 'राँग साइड ऑफ द ट्रॅक्स' हा अमेरिकन वाक्प्रचार आहे. तिकडच्या अनेक गावांत रुळाच्या एका बाजूला सुखवस्तू वस्ती आणि दुसऱ्या बाजूला गरीब वस्ती असे, म्हणून 'रुळाच्या चुकीच्या बाजूचा' म्हणजे गरीब वस्तीतला. डोंबिवलीत किंवा ठाण्यात पूर्व आणि पश्चिम असा भेद आहे, त्यावर थट्टाही चालते, पण त्यातून हा अर्थ निघत नाही. चित्र ओळखीचे दिसले तरी तिथल्या लोकांनी त्यातून काय घेतले हे तपासावे लागते.

रेल्वेबाहेरची चित्रे

इंग्रजी वाक्प्रचारांची इतर मोठी कोठारेही माहीत असली की अंदाज बांधणे सोपे जाते. समुद्र हे त्यातले एक. 'लर्न द रोप्स' म्हणजे कामाची माहिती करून घेणे. शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला आधी दोर ओळखावे लागत. मराठीत असे वाक्प्रचार शेती, स्वयंपाकघर आणि रणांगणातून आले: मोट बांधणे, तिखटमीठ लावणे, तलवार म्यान करणे.

दुसरे कोठार खेळाचे. इथे ब्रिटन आणि अमेरिका वेगळे होतात. ब्रिटिश माणूस 'ऑन द बॅक फूट', 'स्टिकी विकेट' म्हणतो. आपण क्रिकेटवेडे, त्यामुळे फलंदाज मागच्या पायावर गेला म्हणजे बचावात गेला, आणि ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही वळतो म्हणजे परिस्थिती अवघड आहे, हे लगेच समजते. अमेरिकन माणसाला यातले काही कळत नाही. त्याचे वाक्प्रचार बेसबॉलचे. 'बॉलपार्क' म्हणजे बेसबॉलचे मैदान. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे नेमका नव्हे, पण त्या आवारात बसेल असा ढोबळ आकडा. 'टच बेस' म्हणजे धावपटू तळाला स्पर्श करतो तसे थोडा वेळ संपर्क साधणे. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित वळण घेऊन आलेली अडचण, आपला 'गुगली'च. समोरचा माणूस लंडनचा की शिकागोचा, यावरून कोणता खेळ आठवायचा ते ठरते.

तिसरे कोठार रंगभूमीचे. गडकरी रंगायतनात किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात नटावर प्रकाशझोत पडतो तसा एके काळी लंडनच्या नाट्यगृहांत चुन्याचा खडा तापवून झगझगीत प्रकाश पाडत. तो 'लाइमलाइट'. म्हणून 'इन द लाइमलाइट' म्हणजे सगळ्यांच्या नजरेत असणे. यातला लाइम लिंबाचा नव्हे, चुन्याचा.

चौथे बायबल. आपले रामबाण, भगीरथ प्रयत्न, घरचा बिभीषण हे जसे पुराणांतून आले, तसे तिकडे 'इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदी शेवटची घटका, 'रायटिंग ऑन द वॉल' म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट खूण. त्यातला 'गुड समॅरिटन', वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा, तर आपल्या कायद्यात येऊन बसला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, ते याच नावाने.

काही वाक्प्रचार मराठीने आधीच भाषांतर करून आपलेसे केले आहेत. पेल्यातले वादळ, पांढरा हत्ती, लालफीत, सुवर्णमध्य, मैलाचा दगड हे इंग्रजीच्या वाटेने आलेले पाहुणे इतके रुळले की त्यांचे मूळ कोणाला आठवत नाही. अशांसाठी वेगळी मेहनत लागत नाही.

दुसरा प्रश्न: सांगाडा किती पक्का?

'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' असे कर्मणी केले तरी चालते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. इथे 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले की वाक्प्रचार मरतो आणि कोणीतरी खरोखर बादलीला लाथ मारली एवढाच अर्थ उरतो. कोणता सांगाडा हलतो आणि कोणता हलत नाही याचा सरसकट नियम नाही. म्हणून वापरताना ऐकला तसाच वापरावा. 'अ'च्या जागी 'द' किंवा एकवचनाच्या जागी अनेकवचन घालू नये.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो छोट्या शब्दांनी. 'पुट' हे साधे क्रियापद घ्या. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट डाउन' म्हणजे खाली ठेवणे किंवा चारचौघांत अपमान करणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे. आपल्याकडे 'काढणे' हेच करते: वेळ काढणे, झोप काढणे, खोड काढणे, लाज काढणे. यांत काढण्याची क्रिया किती वेगवेगळी आहे! 'पुट'चा अर्थ पाठ करून उपयोग नाही, तसाच 'अप'चा किंवा 'आउट'चाही नाही. जोडी हाच शब्द समजायचा, आणि ती वाक्यासकट लक्षात ठेवायची. 'दे पुट ऑफ द मीटिंग' आणि 'दे कॉल्ड ऑफ द मीटिंग' यांतला फरक ज्याला कळला नाही, तो रद्द झालेल्या बैठकीच्या नव्या तारखेची वाट पाहत बसेल.

परीक्षेतही हीच जागा निसरडी असते. चार पर्यायांपैकी एक बहुधा शब्दशः अर्थाचा असतो, आणि घाईत हात तिकडेच जातो. वाक्यात तो अर्थ बसवून पाहिला तर वाक्य हास्यास्पद होते का, हे तपासायला काही क्षणच लागतात.

तिसरा प्रश्न: कोण, कोणाला?

अर्थ कळणे वेगळे आणि वजन कळणे वेगळे. मराठीत माणूस वारतो, त्याचे निधन होते, त्याला देवाज्ञा होते, आणि गचकतोही. चारही शब्दांचा अर्थ एकच, पण शोकसभेत चौथा शब्द कोणी उच्चारत नाही. 'किक द बकेट' त्या चौथ्या जातीचा. सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाची बातमी कळल्यावर पाठवायच्या निरोपात त्याला जागा नाही. तिथे 'पास्ड अवे' हवे.

मराठीतल्या जोडीदाराशी बरोबरी करताना तर फार जपावे लागते. 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट', लोखंड तापले आहे तोवर घाव घाला. आपल्याला लगेच तापलेला तवा आणि पोळी भाजून घेणे आठवते. उष्णता दोन्हीकडे आहे, संधी दोन्हीकडे आहे. पण इंग्रजीत तो शहाणपणाचा सल्ला आहे, आणि 'त्याने आपली पोळी भाजून घेतली' ही मराठीत नालस्ती आहे. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर कौतुकाची शिवी होईल.

मिठाचेही तसेच. आपण तिखटमीठ लावून सांगतो, तेव्हा मीठ सांगणाऱ्याकडे असते आणि गोष्ट फुगते. इंग्रजीत एखादी गोष्ट 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्यायची असते. तिथे मीठ ऐकणाऱ्याच्या हाती असते आणि तो गोष्टीवर पुरता विश्वास ठेवत नाही. 'मीट वन्स वॉटर्लू' आणि 'पानिपत होणे' ही जोडी जास्त जवळची. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आणि १८ जून १८१५ चे वॉटर्लू, दोन्ही मोठे पराभव. तरीही छटा वेगळी आहे. वॉटर्लू त्याचे होते, जो त्याआधी जिंकत आलेला आहे. पानिपत म्हटले की मोठ्या फौजेची वाताहत दिसते, म्हणून निवडणुकीत संपूर्ण पक्ष धुऊन निघाला की मराठी वृत्तपत्राला तो शब्द सुचतो.

कधी एकच शब्द दोन देशांत उलटा अर्थ देतो. 'टेबल अ प्रपोझल' म्हणजे ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून लांबलचक वादावादी झाली आणि अखेरीस दोघांचे म्हणणे एकच असल्याचे उघड झाले, असा किस्सा चर्चिलने आपल्या युद्धेतिहासात नोंदवला आहे. इंग्रजीच ज्यांची मातृभाषा, त्यांचे हे होते. तेव्हा आपण विचारून घेण्यात कमीपणा नाही.

आपल्या भारतीय इंग्रजीचाही हिशेब ठेवावा. 'मी अमुक कॉलेजचा पासआउट' हे आपल्याकडे प्रत्येक मुलाखतीत ऐकू येते. लष्करात 'पासिंग आउट परेड' असते, पण एरवी ब्रिटन-अमेरिकेत 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. 'डू द नीडफुल' ब्रिटनमध्ये एके काळी चाले, आता तिथे जुनाट वाटते. 'आउट ऑफ स्टेशन' मधले स्टेशन रेल्वेचे नव्हे, साहेबाच्या नेमणुकीचे ठिकाण आहे. हे प्रयोग चुकीचे नाहीत. आपसांत बोलताना खुशाल वापरावेत, परदेशी माणसाशी बोलताना तेवढे टाळावेत.

एक निरोप उलगडून पाहू

समजा, ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत नव्याने लागलेल्या मुलीला अमेरिकेतल्या वरिष्ठाचा असा निरोप आला: 'लेट्स नॉट रिइन्व्हेंट द व्हील. द ओल्ड व्हेंडर ड्रॉप्ड द बॉल, सो नाऊ द बॉल इज इन अवर कोर्ट. सेंड मी अ बॉलपार्क फिगर टुडे, कीप फायनान्स इन द लूप, अँड वुई विल टच बेस ऑन मंडे.'

पहिले वाक्य. चाक कधीच शोधून झाले आहे, ते पुन्हा शोधत बसू नका. म्हणजे जे तयार आहे ते वापरा. जुना आराखडा असेल तर त्यावरूनच काम सुरू करा.

दुसऱ्या वाक्यात चेंडू दोनदा आला आहे, पण खेळ दोन आहेत. 'ड्रॉप्ड द बॉल' मध्ये हातातला चेंडू सुटला, म्हणजे जुन्या पुरवठादाराने जबाबदारीत चूक केली. 'द बॉल इज इन अवर कोर्ट' हे टेनिसचे. चेंडू आपल्या बाजूला आहे, म्हणजे पुढची हालचाल आपण करायची. एक चेंडू दोष दाखवतो, दुसरा पाळी. दोन्हींचा अर्थ एकच घेतला तर चूक आपल्या गळ्यात पडली असे वाटून उगाच माफीचा निरोप जाईल.

पुढे 'बॉलपार्क फिगर टुडे'. आज ढोबळ आकडा हवा आहे. इथे दोन दिवस खपून पै-पैचा हिशेब करण्यात शहाणपण नाही, आणि दिलेला आकडा अंतिम समजला जाणार नाही, ही सोयही त्यातच आहे. 'इन द लूप' म्हणजे माहितीच्या साखळीत. वित्त विभागाला प्रत्येक निरोपाची प्रत जायला हवी. 'टच बेस' म्हणजे सोमवारी थोडक्यात बोलू. लांबलचक सादरीकरण तयार करण्याची गरज नाही.

एवढ्या छोट्या निरोपात पाच सूचना होत्या. प्रत्येक शब्द ओळखीचा होता. चित्र ओळखले, सांगाडा धरून ठेवला आणि बोलणारा कोणत्या देशाचा हे पाहिले, म्हणून सूचना हाती आल्या.

शोधायचे कुठे, जपायचे कसे

अनोळखी वाक्प्रचार कोशात शोधताना त्यातला सर्वांत ठळक शब्द घ्यावा. 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' हा 'विथ'खाली शोधू नये, 'सॉल्ट' किंवा 'पिंच'खाली शोधावा. केंब्रिज किंवा मेरियम-वेब्स्टरसारखे कोश फोनवर फुकट पाहता येतात. तिथे अर्थाच्या आधी बारीक अक्षरात एक खूण असते: अनौपचारिक, जुनाट, ब्रिटिश, अमेरिकन. घाईत तीच नजरेआड होते, आणि वजन तर तिच्यातूनच कळते. उगमाची गोडी असेल तर १८७० साली प्रथम निघालेला ब्रूअरचा 'डिक्शनरी ऑफ फ्रेज अँड फेबल' आजही नव्या आवृत्त्यांत मिळतो. मराठीच्या बाजूने य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' आहे. असे मोठे कोश विकत घेणे प्रत्येकाला जमत नाही, पण या पट्ट्यात वाचनालयांची परंपरा जुनी आहे: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. संदर्भ विभागात जाऊन विचारावे.

वहीत नोंद करताना वाक्प्रचार आणि अर्थ अशा दोन रकान्यांवर थांबू नये. तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहावे, कोणी कोणाला म्हटले ते लिहावे, आणि मराठीतला जवळचा प्रयोग सुचला तर तोही, छटेच्या फरकासह. लोकलमध्ये पाच-दहा मिनिटे मिळाली तरी एक नोंद वाचून होते. याद्यांमधल्या सुट्या अर्थांपेक्षा अशी वाक्ये जास्त काळ लक्षात राहतात, कारण त्यांच्यासोबत माणूस आणि प्रसंग आठवतो.

शेवटी वापराबद्दल. वाक्प्रचार समजावेत शेकडो, वापरावेत मोजके. नवा वाक्प्रचार निदान दोन वेगवेगळ्या माणसांकडून, दोन वेगळ्या प्रसंगी ऐकल्याशिवाय स्वतः लिहू नये. शंका असेल तर साधे वाक्य लिहावे. साध्या इंग्रजीमुळे कोणाची नोकरी अडत नाही, चुकलेल्या वाक्प्रचारामुळे मात्र हसू होते. आणि समोरच्याने म्हटलेले कळले नाही तर त्याच वेळी विचारावे. विचारणाऱ्याला कोणी अडाणी समजत नाही. न विचारता भलताच अर्थ धरून केलेले काम मात्र पुन्हा करावे लागते.